यंत्रांची घराणी (लेखांक ६) : मूरफारची मांडी आणि ३५८३ बाइट

स्वीडिश भाषेत आईच्या वडिलांना ‘मूरफार’ म्हणतात. मूर म्हणजे आई, फार म्हणजे वडील. दोन्ही जोडले की आईचे वडील. आपण मराठीत दोन्हीकडच्या आजोबांना आजोबाच म्हणतो, पण आईच्या माहेरासाठी ‘आजोळ’ असा वेगळा लाडका शब्द आपण राखून ठेवला आहे. आजची गोष्ट एका आजोळची आहे. गाव हेलसिंकी, फिनलंडची राजधानी. घर स्वीडिश बोलणाऱ्यांचं. फिनलंडमध्ये स्वीडिश ही अल्पसंख्याकांची मातृभाषा आहे. साल १९८१.

खुर्चीत सत्तरीचे आजोबा बसले आहेत. त्यांच्या मांडीवर अकरा वर्षांचा नातू आहे. समोर टेबलावर जाडसर कीबोर्डसारखी दिसणारी एक वस्तू आहे आणि तिची वायर टीव्हीला जोडलेली आहे. आजोबांच्या हातात कागद आहेत. त्यांवर त्यांनी एक प्रोग्राम ओळीमागून ओळ काळजीपूर्वक लिहून आणला आहे. त्यांना कीबोर्डवर हात चालवायची सवय नाही, म्हणून ते कागद दाखवतात आणि नातू टाइप करतो. नातवाचं नाव लिनस टोरवाल्ड्स. आज जगातले बहुतेक सर्व्हर, सगळे मोठे महासंगणक आणि अँड्रॉइडचे सगळे फोन ज्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, चालतात, त्याची सुरुवात याच मुलाने पुढे दहा वर्षांनी केली. ‘जस्ट फॉर फन’ या आत्मकथनात त्याने हे मांडीवरचं दृश्य सांगितलं आहे.

गेल्या पाच लेखांकांत आपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली यंत्रं पाहिली. ती सगळी कामाची होती. ती आली तेव्हा जे काम करत होती, तेच काम नातवंडांच्या हातातही करत राहिली. संगणकाचं तसं नसतं. पाच वर्षांत तो जुना होतो आणि दहा वर्षांत माळ्यावर जातो. मग त्याचा वारसा म्हणजे नेमकं काय, हे मला या आजोळच्या गोष्टीतून समजून घ्यायचं आहे.

आधी आजोबांविषयी थोडं, कारण जगाला नातू माहीत आहे आणि आजोबा फारसे माहीत नाहीत. लिओ टर्नक्विस्ट (१९११–१९८३) हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३६ साली, पंचविशीत, त्यांनी बँक ऑफ फिनलंडच्या नियतकालिकात महागाई मोजण्यावर एक लेख लिहिला. प्रश्न साधा वाटतो: सगळं मिळून महागाई किती वाढली? पण वस्तू हजार असतात आणि प्रत्येकीचा भाव वेगळ्या गतीने चढतो. काडेपेटी दुप्पट महाग झाली तरी महिन्याचा हिशोब हलत नाही, तांदूळ थोडा चढला तरी जाणवतो. म्हणून प्रत्येक वस्तूला घरखर्चातल्या तिच्या वाट्याइतकं वजन द्यायचं. पण हा वाटाही स्थिर राहत नाही. एखादी वस्तू महागली की लोक ती कमी घेतात आणि दुसरीकडे वळतात. मग वजन जुन्या काळातलं घ्यायचं की नव्या? टर्नक्विस्टांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकात दोन्ही काळांतल्या वाट्यांची सरासरी घेतात, आणि भाववाढीची गुणोत्तरं त्या वजनांनुसार एकमेकांशी गुणतात. अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग आपल्या साखळी ग्राहक किंमत निर्देशांकाचे अंतिम आकडे आजही या सूत्राने काढतो. म्हणजे आजोबांचा हा एक वारसा नातवाच्या वारशाआधीच जगभर पोचला होता.

असा माणूस हिशोबाच्या यंत्रांवर प्रेम करणारच. नातवाला आठवतो तो आजोबांचा कॅल्क्युलेटर. कुठलाही आकडा टाकून त्याची साइन मागितली की तो उत्तर देण्याआधी बराच वेळ लुकलुकत राहायचा आणि मुलगा त्याच्याकडे पाहत बसायचा. त्यानंतर घरात आला तो कमोडोर कंपनीचा व्हिक-२०.

अमेरिकेत या संगणकाची किंमत ३०० डॉलरला पाच सेंट कमी होती. दहा लाखांचा खप गाठणारा जगातला पहिला संगणक हाच. स्वस्ताई कशी साधली हे पाहण्यासारखं आहे. टीव्हीवर चित्र उमटवणारी व्हिक नावाची चिप कमोडोरच्याच चिप कारखान्यात १९७७ साली तयार झाली होती. ती खेळांच्या यंत्रांसाठी दुसऱ्या कंपन्या विकत घेतील असा होरा होता, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. तेव्हा कमोडोरने तिच्याभोवती स्वतःचाच संगणक उभा केला. या चिपमुळे पडद्यावर एका ओळीत जेमतेम २२ अक्षरं मावत आणि अशा ओळी होत्या २३. मेंदूच्या जागी ६५०२ हा प्रोसेसर होता, त्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके.

बटण दाबलं की पांढऱ्या पडद्यावर निळ्या अक्षरांत तो स्वतःचं नाव सांगायचा आणि त्याखाली लिहायचा की ३५८३ बाइट मोकळे आहेत. एकूण मेमरी पाच किलोबाइट. त्यातली काही यंत्राच्या स्वतःच्या कामाला आणि पडद्याला लागायची, उरायची ती इतकी. देवनागरीचं एक चिन्ह आजच्या पद्धतीने साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे या लेखाचे पहिले तीन परिच्छेद संपायच्या आत व्हिक-२० भरून गेला असता.

त्यानंतर यंत्र ‘तयार’ असा एक शब्द लिहून थांबायचं. चौकोन लुकलुकत राहायचा. ना चित्रांचा मेनू, ना कुठली सूचना. दुकानातून खेळाचं कार्ट्रिज आणून मागे खुपसलं तर गोष्ट वेगळी. तसं केलं नाही, तर तुम्ही काही सांगेपर्यंत हे यंत्र काहीही करत नसे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आजचा फोन मुलाच्या हातात पडतो तेव्हा त्याच्यापाशी मुलाकडून करून घ्यायच्या शंभर गोष्टी तयार असतात. व्हिक-२०कडे एकही नव्हती. जे काही सुचायचं ते माणसालाच सुचायला हवं होतं.

लिनसचा अगदी सुरुवातीचा प्रोग्राम दोन ओळींचा होता, तो जगातल्या लाखो मुलांनी केला असेल. ओळ १०: पडद्यावर अमुक शब्द छाप. ओळ २०: परत ओळ १० वर जा. पडदा त्या शब्दाने भरून वाहत राहतो. त्याने पुढे त्यात फेरफार केला आणि आपली धाकटी बहीण सारा सगळ्यांत चांगली आहे, असं वाक्य पडद्यावर एकसारखं धावतं ठेवलं. एरवी दोघांची मारामारी ठरलेली, त्यामुळे त्या कौतुकाचा परिणाम चांगलाच झाला, असं तो लिहितो.

आता मांडीवरच्या त्या दृश्याकडे परत जाऊ या, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. आजोबांनी नातवासाठी खेळणं आणलं नव्हतं. त्यांना स्वतःची गणितं करायची होती. त्यांना टाइप करणारा हवा होता आणि जवळ हा मुलगा होता. मुलाला शिकवावं म्हणून शिकवणं आणि खऱ्या कामात मुलाची गरज लागणं, यांत फार अंतर आहे. ज्या घरात पिठाची गिरणी आहे, कुंभाराचं चाक आहे, तिथल्या मुलांना हे अंतर न सांगता कळतं. कुणी त्यांना बसवून धडे देत नाही. ‘जरा हे धर’ म्हणतात, आणि धरता धरता हात तयार होतो. प्राध्यापकांच्या घरात असं ‘जरा हे धर’ क्वचित येतं. तिथे ते व्हिक-२०मुळे आलं.

शिवाय मुलगा ज्या ओळी टाइप करत होता त्या आधी कागदावर पूर्ण विचार करून लिहिलेल्या होत्या. एक स्वल्पविराम चुकला तर यंत्र चूक दाखवायचं. मग कागदाशी ताडून पाहायचं आणि चूक कुठे झाली ते शोधायचं. कागदावर आजोबांची, कीबोर्डवर नातवाची. कोणाची आहे, हे दोघांना मिळूनच ठरवावं लागत असणार.

१९८३ साली आजोबा गेले. यंत्र नातवाकडे आलं. तेरा वर्षांच्या मुलाकडे आता एक संगणक होता, त्याची पुस्तिका होती आणि सांगायला कोणी नव्हतं. बाजारात नवे, दांडगे संगणक आले होते. १९८५च्या सुरुवातीला कमोडोरने व्हिक-२० बनवणंही बंद केलं. मुलगा मात्र त्याच ३५८३ बाइटांत खोल खोल उतरत गेला. तोवरचे प्रोग्राम ज्या बेसिक भाषेत होते ती हळू चालते, कारण यंत्र प्रत्येक ओळ वाचून तिचा अर्थ लावत पुढे जातं. त्याखाली प्रोसेसरची स्वतःची भाषा असते, नुसत्या आकड्यांची. लिनस ती आकड्यांतच लिहू लागला. हे काम सोपं करणारी असेम्ब्लर नावाची साधनं असतात, हे त्याला माहीतच नव्हतं.

या भाषेतून यंत्र किती जवळून दिसतं याचा एक नमुना देतो. १६९, १, १४१, ०, ३०, ९६. एवढे सहा आकडे. १६९ म्हणजे ‘पुढचा आकडा हातात घे’. तो आकडा १, आणि व्हिकच्या हिशोबात १ म्हणजे ए हे अक्षर. १४१ म्हणजे ‘हातातलं पुढच्या पत्त्यावर ठेव’. पत्ता दोन आकड्यांत येतो, लहान भाग आधी: ०, मग ३०. तिसाला २५६ ने गुणलं की ७६८०. ही पडद्यावरची डावीकडची सर्वांत वरची जागा. ९६ म्हणजे ‘काम झालं, परत जा’. हे सहा आकडे मेमरीत घालून चालवले की कोपऱ्यात ए उमटतो. पण बहुधा तो दिसत नाही! अक्षराचा रंग वेगळ्या पत्त्यावर, ३८४०० वर, ठेवलेला असतो आणि पुसलेल्या पडद्यावर तो पांढरा असतो. पांढऱ्यावर पांढरं. त्या पत्त्यावर ० घातला की अक्षर काळं होतं आणि समोर येतं. असं अदृश्य अक्षर शोधून काढण्यात एक संध्याकाळ गेलेल्या मुलाला, यंत्राच्या पोटात गूढ असं काही नसतं हे आयुष्यभरासाठी कळतं. सगळं पत्त्यांवर ठेवलेलं असतं आणि पत्ते वाचता येतात.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने साठवलेल्या पैशांतून दुसरा संगणक घेतला, ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा क्यूएल. यात १२८ किलोबाइट मेमरी होती आणि एका वेळी अनेक कामं करण्याची सोय होती. सिंक्लेअरचं नाव निघालं की मला थोडं थांबावं लागतं.

या कंपनीचा स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधल्या घराघरांतला संगणक. त्याची सुधारलेली आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणली, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने. माझ्या मामांकडे तो होता. सोसायटीच्या पाणीबिलांचा हिशोब त्यांनी त्यावर बसवला होता. प्रोग्राम कॅसेटवर असे. टेपरेकॉर्डर चालू केला की किंचाळल्यासारखा आवाज येई, टीव्हीच्या कडेने आधी लाल-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे पळत आणि मामा बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवत. मामा गेल्यावर मामींनी तो मला दिला. “तूच बसायचास ना त्यांच्याजवळ,” म्हणाल्या.

घरी आणल्या आणल्या मी त्याला हाताशी असलेला नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला. स्पेक्ट्रमच्या पिनेत आतली बाजू ऋण असते आणि बाहेरची धन. बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत नेमकं उलट. जळका वास आला आणि संपलं. त्याच्या खालच्या मेमरीच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. उणे पाच नाहीसं होऊन बारा चालू राहिलं तर त्या चिपा मरतात. हे मला दुरुस्ती करणाऱ्याने नंतर सांगितलं. त्याला सुटे भाग मिळवून यंत्र उभं करायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी मामींना फोन केला नाही, ते मला अजून लागतं.

म्हणून घरात असं यंत्र असेल त्यांना मनापासून सांगतो: उत्साहाने प्लग लावू नका. अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज आणि धन-ऋण मल्टिमीटरवर पाहून घ्या. आतले कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकलेले असतात, ते जाणकाराकडून बदलून घ्या. स्पेक्ट्रम असेल तर कीबोर्डखालची प्लॅस्टिकची पट्टी ठिसूळ झालेली असते, झाकण उघडताना तिला ओढू नका. आणि सर्वांत आधी कॅसेटी वाचवा. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडून आवाज जसाच्या तसा रेकॉर्ड करा, त्यातून प्रोग्राम नंतर सावकाश काढता येतो. यंत्र पुन्हा मिळेल, स्पेक्ट्रमची नक्कल करणारी सॉफ्टवेअरंही फुकट आहेत. कॅसेटवरचं एकदा पुसलं गेलं की कुठेच नसतं. मामांच्या प्रोग्राममध्ये, यंत्र जी ओळ सोडून पुढे जातं अशा शेऱ्याच्या ओळीत, एक नोंद सापडली: सात नंबरचा मीटर बंद, विचारून बिल लावणे. त्या एका ओळीत मामा जसेच्या तसे होते.

क्यूएलकडे परत येतो. लिनसने त्याला फ्लॉपी जोडली. तिच्याबरोबर आलेला ड्रायव्हर त्याला पटला नाही म्हणून त्याने स्वतःचा लिहिला. लिहिताना कार्यप्रणालीतच चुका सापडल्या. पण क्यूएलची कार्यप्रणाली रॉममध्ये, म्हणजे कायमची छापलेल्या चिपेत होती. चूक दिसत होती, तिचा पत्ता माहीत होता, आणि तिथे काही लिहिता मात्र येत नव्हतं. पत्ते वाचायला शिकलेल्या माणसाला याहून जास्त जाचणारी गोष्ट नसेल.

जानेवारी १९९१ मध्ये त्याने हप्त्यांवर ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, चार मेगाबाइट मेमरीचा. व्हिकच्या मोकळ्या जागेच्या हजारपटींहून जास्त. त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली मिनिक्स ही कार्यप्रणाली बसवली. विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून बोलण्यासाठी त्याला एक छोटा प्रोग्राम हवा होता. तो त्याने मिनिक्सच्या आधाराशिवाय, थेट यंत्रावर चालणारा लिहायचं ठरवलं. त्यासाठी प्रोसेसरने दोन कामं आलटून पालटून करायला हवी होती: एक कीबोर्डवरचं पाठवण्याचं, दुसरं मोडेमवरून आलेलं दाखवण्याचं. ही अदलाबदल जमते की नाही हे तपासायला त्याने एका कामाला सांगितलं, ए लिहीत राहा. दुसऱ्याला सांगितलं, बी लिहीत राहा. पडद्यावर एच्या रांगा आणि बीच्या रांगा पाळीपाळीने दिसू लागल्या. लिनक्सची ही पहिली हालचाल.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने आपल्या छंदाची वार्ता जगाला दिली आणि सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती खुली केली. सुमारे दहा हजार ओळी, कोणीही वाचाव्यात आणि बदलाव्यात अशा. व्हिक-२० दहा लाखांहून जास्त घरांत गेला होता, म्हणून हे यंत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण आजोबांचे प्रोग्राम ज्या कागदांवर होते ते नातवाला समोर ठेवून पूर्ण वाचता येत होते, आणि त्याने जगापुढे ठेवलं तेही तसंच वाचता येणारं होतं.

त्या ०.०१ आवृत्तीत एक खोट होती. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटावं, हे तिच्यात फक्त फिनिश कीबोर्डसाठी लिहिलेलं होतं. दुसऱ्या देशांतल्या लोकांनी ती चालवली तेव्हा विरामचिन्हं भलतीकडे निघायची. मग ज्याने त्याने कीबोर्डची ती फाइल उघडली आणि तिच्यात आपापल्या घरची बटणं लिहिली.